नैराश्याचा आजार : घरच्या माणसाने काय पाहावे, काय बोलावे, काय करावे

"माझ्या मनाला काहीतरी झाले आहे," असे आपल्याकडे सहसा कुणी म्हणत नाही. तक्रार येते ती डोके जड होण्याची, छातीत धडधडण्याची, अंग मोडून येण्याची, नाहीतर पहाटे तीनला जाग येऊन नंतर डोळ्याला डोळा न लागण्याची. पंचावन्न वर्षांच्या एखाद्या गृहिणीच्या कपाटात ईसीजी, सोनोग्राफी, एंडोस्कोपी यांच्या अहवालांची जाड फाइल साचलेली असते, प्रत्येक कागदावर सारे ठीक असल्याचे लिहिलेले असते, आणि "काही निघाले नाही, म्हणजे तुला काही झालेले नाही," असे म्हणून घरची माणसे मोकळी होतात. तिला मात्र खरोखरच काहीतरी झालेले असते. हा लेख त्या आजाराविषयी आहे आणि तो मुख्यतः रुग्णासोबत राहणाऱ्यांसाठी लिहिला आहे. कारण हा आजार माणसाची स्वतःसाठी काही करण्याची उमेदच आधी काढून घेतो, आणि मग उपचाराच्या दिशेने पहिली पावले बहुधा दुसऱ्या कुणाला तरी टाकावी लागतात.

'नैराश्य' हा शब्द आता रूढ झाला आहे, म्हणून तोच वापरतो. पण त्याने थोडा गोंधळही केला आहे. परीक्षेत अपयश आले, सोयाबीनचा भाव पडला, लग्न मोडले की माणूस निराश होतो, आणि परिस्थिती पालटली की सावरतो. आजारात तसे होत नाही. भाव वाढला तरी त्या माणसाच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. कित्येकांना दुःखसुद्धा वाटत नाही, काहीच वाटत नाही, आणि "रडू आले असते तर बरे झाले असते," असे ते सांगतात. जुन्या बायका 'कशातच जीव रमत नाही' असे म्हणत, ते मला या स्थितीचे अधिक नेमके वर्णन वाटते.

काय पाहावे

डॉक्टर दोन मुख्य खुणा पाहतात : दिवसाचा बहुतेक वेळ टिकणारी उदासी, आणि पूर्वी ज्यात आनंद वाटे त्यातली गोडी जाणे. यांपैकी निदान एक खूण, आणि तिच्या जोडीला झोप व भूक बिघडणे, सतत थकवा, हालचाल व बोलणे मंदावणे किंवा उलट जिवाची तगमग होणे, एकाग्रता न होणे, स्वतःला दोष देत राहणे, मरणाचे विचार येणे यांतल्या काही खुणा सलग दोन आठवडे जवळजवळ रोज दिसल्या आणि त्यांमुळे रोजचे व्यवहार अडू लागले, तर ती प्रकृतीची तात्पुरती कुरबुर समजू नये. घरच्या माणसाला यासाठी मानसशास्त्र शिकावे लागत नाही. त्याने त्या व्यक्तीची तुलना तिच्याच सहा महिन्यांपूर्वीच्या वागण्याशी करावी. रोज पेपर अथपासून इतिपर्यंत वाचणारे वडील आता घडी न उलगडता तो बाजूला ठेवतात का, भिशीचा दिवस न चुकवणारी आई दोन महिने निमित्ते सांगते आहे का, हे पाहावे. अशा निरीक्षणांचा डॉक्टरांनाही फार उपयोग होतो.

सर्वांत हा आजार सारखाच दिसत नाही. पुष्कळ पुरुषांत तो चिडचिडीच्या आणि वाढलेल्या दारूच्या रूपाने समोर येतो, आणि मग घरात चर्चा होते ती फक्त दारूची. म्हाताऱ्या माणसांत तो विसराळूपणासारखा भासतो. बाळंतिणीला पहिल्या आठ-दहा दिवसांत उगाच रडू येणे हे पुष्कळदा आपोआप ओसरते. परंतु दोन आठवडे उलटूनही ती खिन्न असेल, बाळ जवळ घेण्याची इच्छा होत नसेल किंवा बाळाविषयी भलतेसलते विचार येत असतील, तर 'बाळंतपणात असे होतेच' म्हणून वाट पाहू नये.

पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते आणि ती मराठीतही आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, म्हणजे कमाल बेरीज २७; बेरीज १० किंवा त्याहून अधिक आली तर तपासणी करून घ्यावी असे मानतात. तिच्यावरून निदान होत नाही, पण "मला काही झालेले नाही," असे म्हणणारा माणूस पुष्कळदा ते प्रश्न वाचून स्वतःच गप्प होतो.

बोलणे कसे काढावे

आपल्या घरांतून सर्वांत जास्त बिघडते ते इथे. "मनाला लावून घेऊ नकोस", "सगळे काही आहे, मग दुःख कसले?", "आमच्या वेळी असली थेरे नव्हती", ही वाक्ये बहुतेक वेळा मायेपोटीच उच्चारली जातात. पण अकारण अपराधी वाटणे हे या आजाराचे लक्षणच आहे. "सगळे काही आहे" हे वाक्य त्या अपराधीपणात भर घालते, कारण सगळे असून आपण असे का, हाच प्रश्न तो माणूस रात्रभर स्वतःला विचारत असतो. उपदेश तर त्याने स्वतःला आपल्या आधीच शंभर वेळा केलेला असतो.

त्याऐवजी आपल्याला जे दिसले तेवढेच सांगावे. "आई, गेले पंधरा दिवस तू देवापुढे दिवा लावलेला नाहीस, आणि काल शेजारच्या काकूंनी हाक मारली तेव्हा दारही उघडले नाहीस. तुला काय होते आहे ते मला समजून घ्यायचे आहे." एवढे बोलून थांबावे. उत्तर लगेच येत नाही. या आजारात विचारांची गतीच मंदावलेली असते, आणि आपल्याला अवघडवणारी ती मिनिटभराची शांतता समोरच्याला शब्द जुळवण्यासाठी हवी असते. समोरासमोर खुर्च्या मांडून चौकशी केल्यासारखे बसण्यापेक्षा भाजी निवडताना, शेतावरून परतताना, गाडीत शेजारी बसले असताना विषय काढणे सोपे जाते, विशेषतः पुरुषांशी. आणि विषय आपणच काढला पाहिजे असेही नाही. सासूबाई मुलापाशी मन मोकळे करणार नाहीत पण जाऊबाईंपाशी करतील. वडील मुलाला उडवून लावतील पण जुन्या मित्राचे ऐकतील. ज्याच्यावर त्या माणसाचा भरवसा आहे त्याला पुढे करावे आणि स्वतः मागे राहावे, यात कमीपणा काही नाही. सुनेच्या बाबतीत तिच्या माहेरी वेळेवर कळवणे हाही या कामाचाच भाग आहे. ते लपवून ठेवण्यात कुटुंबाची अब्रू वाचते असे ज्यांना वाटते, त्यांच्याशी माझा मतभेद आहे.

एक प्रश्न मात्र टाळू नये. "जगण्यात अर्थ नाही, मरून जावे, असे विचार मनात येतात का?" असे स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने ती कल्पना त्याच्या डोक्यात शिरेल अशी भीती जवळजवळ प्रत्येकाला वाटते, परंतु तसे होत नाही. उलट जे एकट्याने वाहिले जात होते ते कुणाला तरी सांगता आल्यामुळे पुष्कळांना हलके वाटते. उत्तर 'हो' आले तर घाबरून शपथा घालू नयेत, रागावू नये, आणि "कुणाला सांगणार नाही," असे वचनही देऊ नये. कसे आणि केव्हा करायचे याचाही विचार झाला आहे का, हे पुढे विचारावे. तसे ठरलेले असेल तर तो तातडीचा प्रसंग आहे.

अशा वेळी त्या माणसाला एकटे सोडू नये. शेतकऱ्याच्या घरात कीटकनाशकाचा डबा माजघरात किंवा खाटेखाली ठेवलेला असतो. तो त्याच दिवशी घराबाहेर हलवावा, कुलपात ठेवावा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. घरातल्या साऱ्या औषधांच्या पट्ट्या एकाच जबाबदार व्यक्तीने ताब्यात घ्याव्यात. आत्महत्येची लाट पुष्कळदा काही तासांत किंवा दिवसांत ओसरते, आणि त्या अवधीत साधन हाताशी नसणे यानेच अनेक जीव वाचतात. धोका समोर दिसत असेल तर ११२ ला फोन करावा किंवा थेट रुग्णालय गाठावे. सल्ला हवा असेल तर १४४१६ हा 'टेली-मानस' या फोनवरच्या मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालतो. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या या सेवेवर मराठीतून बोलता येते, आणि रुग्ण स्वतः बोलायला तयार नसेल तर घरच्या माणसानेही फोन करावा.

पोलिसांच्या भीतीने आत्महत्येचा प्रयत्न लपवणारी घरे अजूनही आहेत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर असा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारे जुन्या दंड संहितेतले कलम ३०९ उरलेलेच नाही. रुग्णालयात नोंद होते, विचारपूस होते. त्यापायी उपचाराला उशीर करू नये.

कुणाकडे जावे

पहिली भेट नेहमीच्या डॉक्टरांची असायला हरकत नाही. थायरॉइडचे स्राव कमी पडणे, रक्तक्षय, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही अशीच मरगळ येते, म्हणून रक्ताच्या त्या तपासण्या आधी होऊन जाव्यात. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञ. हे वैद्यकीय पदवी घेतलेले डॉक्टर असतात आणि औषध देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात, औषध लिहीत नाहीत. आजार सौम्य असेल तर नुसत्या बोलण्याच्या उपचारानेही भागते. मध्यम किंवा तीव्र असेल तर दोन्ही मिळून अधिक फायदा होतो.

खासगी दवाखान्याचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जावे. तिथे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तपासणी होते आणि औषधेही मिळतात. पुण्यात येरवड्याला, ठाण्यात, नागपुरात आणि रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, गोव्यात बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. या सर्वांत बाह्यरुग्ण विभाग असतो, आणि तिथे पाऊल ठेवले म्हणजे आत डांबून ठेवतील ही समजूत निराधार आहे. आरोग्य विम्याविषयीही एक गोष्ट ठाऊक असू द्यावी : वर उल्लेखिलेल्या अधिनियमाने विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण देणे बंधनकारक केले आहे. मात्र बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च पुष्कळ पॉलिसींत धरलेला नसतो.

देवऋषीकडे किंवा दर्ग्यावर नेण्याचा आग्रह घरात कुणी धरला, तर त्यावर भांडण काढून वेळ दवडण्यापेक्षा "तिथेही जाऊ, पण आधी डॉक्टरांना दाखवू आणि गोळी चालू ठेवू," असे म्हणणे शहाणपणाचे. मारहाण, उपास घडवणे, साखळीने बांधणे यांना मात्र ठाम विरोध करावा.

पहिल्या भेटीला जाताना कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात : त्रास केव्हापासून आहे, चालू असलेली सर्व औषधे, घराण्यात कुणाला असा आजार होता का, आणि पूर्वी कधी याच्या उलट अवस्था आली होती का. म्हणजे काही दिवस झोप न घेताही प्रचंड उत्साह, अखंड बडबड, उधळपट्टी, मोठमोठ्या योजना. हे शेवटचे सांगायचे बहुतेकजण विसरतात, कारण तो काळ घरच्यांना 'चांगला' वाटलेला असतो. पण त्यावरून आजाराचा प्रकारच बदलतो आणि औषधही.

गोळ्यांचे पहिले दोन महिने

नैराश्यावरच्या गोळीचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला त्याहून अधिक. मळमळ, डोकेदुखी, बेचैनी हे दुष्परिणाम मात्र पहिल्या आठवड्यातच हजर होतात. म्हणजे सुरुवातीला त्रास रोख आणि गुण उधार, आणि नेमक्या याच टप्प्यावर अनेकजण गोळी सोडतात. घरच्या माणसाने हे आधीच सांगून ठेवले, कॅलेंडरवर चौथ्या आठवड्यावर खूण केली, आणि त्रास जास्त वाटल्यास परस्पर बंद न करता डॉक्टरांना फोन केला, तर अर्धे काम झाले. या काळात लक्षही जास्त ठेवावे लागते : कधीकधी मन सावरण्याआधी अंगात हुशारी येते आणि मरणाच्या विचारांना कृतीचे बळ मिळते, आणि पंचविशीच्या आतल्या तरुणांत तर सुरुवातीच्या आठवड्यांत असे विचार वाढूही शकतात.

"या गोळ्यांची सवय लागते," हे ठरलेले वाक्य आहे. सवय लागते ती झोपेसाठी आणि घबराटीसाठी दिल्या जाणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची; त्या थोड्याच दिवसांसाठी असतात आणि जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून पुन्हा पुन्हा आणू नयेत. नैराश्यावरच्या गोळ्यांची तशी चटक लागत नाही, पण त्या एकदम थांबवल्या तर चक्कर, चिडचिड, झिणझिण्या असा त्रास होतो, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. बरे वाटू लागल्यावरही पहिल्या वेळच्या आजारात साधारणपणे सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवावी लागते.

इच्छा होण्याची वाट न पाहणे

रुग्ण म्हणतो, "बरे वाटले की करीन." आजाराचा सापळा नेमका या वाक्यात आहे. काही केले नाही म्हणून समाधानाचे क्षण येत नाहीत, ते येत नाहीत म्हणून मन आणखी खचते, आणि खचलेले मन आणखी काही करू देत नाही. हा फेरा विचारांच्या बाजूने तोडणे अवघड असते, कृतीच्या बाजूने तोडता येतो. याची मला सर्वांत पटणारी साक्ष गोव्यातली आहे. 'संगत' या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांसह एक प्रयोग केला. निम्म्यांना डॉक्टरांच्या नेहमीच्या उपचाराबरोबर सहा ते आठ भेटींत कृतीवर आधारलेले समुपदेशन दिले. समुपदेशक तज्ज्ञ नव्हते, थोडे प्रशिक्षण घेतलेली साधी माणसे होती. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आलेले होते, इतरांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

घरी हेच पुढीलप्रमाणे करता येते. प्रथम एक आठवडा काही न बदलता एका वहीत नोंद ठेवावी : कोणत्या वेळी काय केले, आणि तेव्हा मन ० ते १० मध्ये किती बरे होते. दोन दिवसांतच दिसू लागते की सकाळ सर्वांत जड जाते आणि अंथरुणात मोबाइल पाहत पडून राहिल्यावर आकडा खाली येतो. नात आली की तो एखाद्या घराने तरी वर सरकतो. दुसऱ्या आठवड्यापासून रोज दोन कामे ठरवावीत, एक पूर्वी आनंद देणारे, दुसरे 'हे मी पार पाडले' असे वाटायला लावणारे. ती लाजिरवाणी वाटावीत इतकी लहान असावीत. 'व्यायाम सुरू करणे' हे काम नव्हे. 'चहानंतर साडेसातला चपला घालून कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणणे' हे काम. भजनी मंडळात पुन्हा गायला जाणे फार दूरचे असेल, तर आधी टाळांची पिशवी माळ्यावरून काढून पुसणे. वेळ, जागा आणि सोबत कोण हे वहीत लिहावे, कारण मोघम ठरवलेले होत नाही. करावेसे वाटण्याची अट नसते. करून झाल्यावर आनंद झालाच पाहिजे अशीही नसते. सुरुवातीला बहुधा होत नाही, तरी वहीतला आकडा ३ वरून ४ वर गेला तर तो लिहून ठेवावा.

घरच्यांनी इथे दोन चुका टाळाव्यात. माया म्हणून सारी कामे हातातून काढून घेऊ नयेत. सोलायला लसणाच्या चारच पाकळ्या असल्या तरी त्या आजीच्या पुढ्यात ठेवाव्यात. आणि पहारेकऱ्यासारखे "आज का नाही केलेस?" असेही विचारू नये. झाले नाही, तर काम मोठे ठरवले गेले असे समजून उद्यासाठी ते निम्मे करावे.

झोपेविषयी थोडक्यात : झोपण्यापेक्षा उठण्याची वेळ पक्की करावी, रविवारीसुद्धा. दुपारची झोप वीस-तीस मिनिटांच्या पुढे जाऊ देऊ नये, चारनंतर चहा नको. रात्री अर्धा तास तळमळत पडल्यावर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणे करावे आणि डोळे जड झाल्यावरच परत अंथरुणावर जावे. झोपेसाठी म्हणून घेतलेली दारू पहाटेची झोप उडवते आणि आजारही वाढवते.

सांभाळणाऱ्याविषयी

आपल्याकडे हे काम बहुधा घरातल्या एकाच बाईवर पडते. तिला आठवड्यातून निदान एक पूर्ण दुपार सुटी मिळेल अशी पाळी भावंडांनी आपसांत लावून घ्यावी, आणि लांब राहणाऱ्यांनी केवळ फोनवरून सूचना न देता औषधांचा खर्च किंवा तपासणीच्या तारखा यांतले काहीतरी स्वतःकडे घ्यावे. तिला रुग्णाचा राग येतो. तो येणारच, आजाराचा आणि माणसाचा राग वेगळा करता येत नाही असे दिवस असतात, तेव्हा दुसऱ्या खोलीत गेलेले बरे. तिचीच झोप आणि भूक दोन आठवडे बिघडलेली दिसली, तर वरचा सारा मजकूर तिलाही लागू होतो.

हा आजार पुष्कळांना पुन्हा होतो, म्हणून बरे वाटत असतानाच एक काम उरकून घ्यावे. रुग्णाने आणि घरच्याने एकत्र बसून, या वेळी सर्वांत आधी कोणत्या तीन गोष्टी बिघडल्या होत्या ते आठवावे. कुणाचे पहाटे उठणे असते, कुणाचे दाढी न करणे, कुणाचे फोन न उचलणे. त्या एका कागदावर लिहाव्यात, खाली रुग्णाने स्वतःच्या हाताने "यांतल्या दोन दिसल्या तर माझे न ऐकता मला डॉक्टरांकडे घेऊन जा," असे लिहून तारीख घालावी, आणि तो कागद औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवावा.